कोरड्या घराला दिलेला ट्रक

सालो क्रीक, मिशिगन
८ ऑक्टोबर १९९४

प्रिय भावोजी,

मागच्या पत्रात तुम्ही नव्या नर्सबद्दल चार ओळी लिहिल्यात आणि पायाबद्दल अर्धी. त्यावरून तब्येत सुधारतेय असं मी धरून चालते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून एकेक गोष्ट आठवडाभर उशिरा कळते, पण ही तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

ट्रक मी देऊन टाकला. विकला नाही, दान दिला. नदीपलीकडच्या जुन्या शाळेत वेंडेल नावाच्या माणसानं दारू सोडू पाहणाऱ्या पुरुषांसाठी घर काढलंय. गावात सगळे त्याला ‘कोरडं घर’ म्हणतात. तिथली माणसं जंगलातून ओंडके आणतात, फोडतात आणि ज्या म्हाताऱ्यांना जळण परवडत नाही त्यांच्या दारात रचून देतात. आजवर त्यांच्याकडं एक खटारा पिकअप होता, तीन फेऱ्यांत एका घराचा आठवडा निघायचा. आपल्या ट्रकला ओंडके उचलायचा हात आहे. तो एका फेरीत सगळ्यांची महिन्याची सोय करेल.

वेंडेल आला आणि ट्रकभोवती दोनदा फिरला. म्हणाला, “बाई, यात बिघडलंय काय?”

“काही नाही. क्लच गेल्याच वर्षी नवा घातलाय.”

“मग फुकट का?”

“नको असेल तर तसं सांगा.”

“नको कोण म्हणतंय. फुकटच्या गाईचे दात मोजू नयेत, ठाऊक आहे मला. पण मी आयुष्यात दोनदा फुकटचं घेतलं आणि दोन्ही वेळा महागात पडलं.”

तरी घेऊन गेला. आता अंगणात त्याच्या चाकांच्या दोन खळग्या तेवढ्या उरल्यात. वाइनो मला मागं ठेवून गेला त्याला दोन महिने झाले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज तो ट्रक बघणं मला जमेना. तुम्ही समजून घ्याल.

रसेल ठीक आहे. कामात असतो.

तुमची,
आयली

---

माजी सैनिकांचं घर, विस्कॉन्सिन
१४ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि जेवण परत पाठवलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं पाटीवर लिहून विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, ट्रक. तो हसला. त्याला काय कळणार.

वाइनो आणि मी तो ट्रक घेतला तेव्हा आमच्या दोघांत मिळून हिवाळी बुटांचा एकच चांगला जोड होता. जंगलात जो उतरेल तो बूट घालायचा आणि जो चालवेल तो मोज्यांवर बसायचा. त्या इंजिनानं माझे कान खाल्ले, तरी त्याच्यावर माझा राग नाही. पाय गेला तेव्हा मी माझा अर्धा हिस्सा सोडला. तो मी कुणा वेंडेलसाठी सोडला नव्हता.

जुलैत तुम्ही वाइनोला इथं आणलंत, आठवतं? तुम्ही कॉफी आणायला खाली गेलात तेव्हा त्यानं माझ्या पाटीवर लिहिलं, ‘ट्रक पोराचा’. एवढं लिहून त्यानं खडू खाली ठेवला. मी ती पाटी दोन दिवस पुसली नाही.

म्हाताऱ्यांना लाकडं मिळावीत, जरूर मिळावीत. पण रसेल ट्रक चालवून हीच लाकडं त्यांना देऊ शकला नसता का? तो तिशीचा गडी आहे. बाप गेला, आणि त्याच्या हातातलं कामही तुम्ही काढून घेतलंत. तो काय म्हणाला, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. ‘ठीक आहे, कामात असतो’. कुठल्या कामात, वहिनी? कशानं?

अर्वो

---

सालो क्रीक
२२ ऑक्टोबर

प्रिय भावोजी,

पाटीचं मला माहीत नव्हतं. वाइनोनं घरी येऊन काही सांगितलं नाही.

रागवा, तुमचा हक्क आहे. मी फार लिहीत नाही. रसेलला दुसरं काम मिळेल. डोना पोरीला, क्रिस्टीला घेऊन काही दिवस माहेरी गेलीय, त्यामुळं त्याचं मन जरा ठिकाणावर नाही. तुमच्याकडं एकच मागते. त्याला या ट्रकबद्दल काही लिहू नका. मी का म्हणते ते विचारू नका. हा हिवाळा जाऊ द्या.

इथं पहिलं बर्फ पडून गेलं. कोरड्या घराच्या माणसांनी सायमा म्हातारीची शेड छतापर्यंत भरली. ती दारात उभी राहून त्यांना आपल्या फिनिश भाषेत शिव्या देत होती, की नीट रचा, साल वरच्या बाजूला ठेवा. ती खूश होती.

तुमची,
आयली

---

सैनिकांचं घर
१ नोव्हेंबर

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं, पण उशीर झाला. त्याच्या आदल्याच दिवशी मला रसेलचं आलं होतं. लहानपणी वाढदिवसाला लिहायचा, त्यानंतर त्याचं हे पहिलं पत्र.

पोरानं तीन पानं लिहिलीत. बायको सोडून गेली, आईनं ट्रक दारुड्यांना देऊन टाकला, घरात गेलो तर ती दोन शब्द बोलते आणि भांडी घासायला लागते. त्यानं लिहिलंय, ‘काका, मी जंगलात गेलो की माणसात येतो. मला तेवढंच येतं.’ हे वाचून मला आमची चाळीस वर्षं आठवली. आम्हालाही तेवढंच येत होतं.

मी त्याला लगेच उत्तर लिहिलं. त्या वेंडेलकडं जा, टोपी काढून बोल, म्हणावं आईनं दुःखाच्या भरात दिला, माझ्या काकाची संमती नव्हती. ऐकत नसेल तर ट्रक आपलाच आहे हे विसरू नकोस. पुढच्या बंपरच्या आत, उजव्या टोकाला तारेनं बांधलेली तंबाखूची डबी आहे. तिच्यात दुसरी चावी आहे. ही गोष्ट वाइनोला आणि मलाच ठाऊक होती.

मी तुमच्या पाठीमागं हे केलं असं वाटू नये, म्हणून कळवतो. तुम्ही का म्हणता ते विचारू नका, असं लिहिलंत. वहिनी, अशी वाक्यं माणूस लपवाछपवी करताना लिहितो.

अर्वो

---

सालो क्रीक
५ नोव्हेंबर, शनिवार

भावोजी,

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं. रसेलनं काल ट्रक नेला.

आता सगळं लिहिते. आधी लिहायला हवं होतं.

रसेल पितो. थोडीबहुत नाही. वाइनोचं दुखणं निघालं तेव्हापासून सकाळी उठल्यावर पितो. मी वाइनोला कळू दिलं नाही. मरणाऱ्या माणसाला हे कशाला सांगायचं? तो बिचारा तुमच्या पाटीवर ‘ट्रक पोराचा’ लिहीत होता आणि मी खाली कॉफीच्या रांगेत उभी राहून डोनाला फोन लावत होते, की रसेल घरी आला का. तुम्हालाही कळू दिलं नाही. बाहेर कुणालाच नाही. लोकांना मी सांगायची, पाठ धरलीय त्याची.

सप्टेंबरमध्ये त्यानं क्रिस्टीला ट्रकमध्ये बसवलं आणि सरोवर दाखवायला कड्यावरच्या रस्त्यानं नेलं. वळणावर पुढचं चाक कड्याबाहेर गेलं. एका झाडानं ट्रक अडवला, नाहीतर खाली पाणीच. मी आणि डोना पोचलो तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. क्रिस्टी दोन्ही हातांनी बाटली घट्ट धरून बसली होती. मी म्हटलं, बाळा, सोड ती. ती म्हणाली, “नाही आजी, डॅडी म्हणालेत सांडायची नाही.”

त्या रात्रीच डोना तिला घेऊन गेली.

म्हणून ट्रक दिला. विकला असता तर ते पैसे त्यानं माझ्याकडून काढून घेतले असते, मला त्याला नाही म्हणता येत नाही. आणि कोरड्या घरालाच का दिला, हे वेंडेललाही मी सांगितलं नाही. मला वाटलं, दारू सोडायला रसेल त्या दारात कधी जाणार नाही, पण ट्रकच्या मागं जाईल. जाऊन शिव्या तरी देईल. मग वेंडेल म्हणेल, ये आत, बस. एवढाच माझा हिशेब होता.

काल दुपारी वेंडेल आला. बूट न पुसता आत आला, तेव्हाच मी समजले.

म्हणाला, “आयली, ट्रक गेला. तुझ्या पोरानं नेला. माझ्या माणसांनी पाहिलं. बंपरखाली हात घातला आणि खिशातून काढावी तशी चावी काढली. एकजण आडवा गेला तर म्हणाला, हो बाजूला. तोंडाला वास होता.”

“किती प्याला असेल?”

“उभा होता. पण ते पट्टीचे पिणारे उभेच असतात. मीही उभा असायचो.” मग तो खुर्चीवर बसला. “हे बघ, ट्रक आता घराचा आहे, पण पोरगा तुझा आहे. मी शेरीफला फोन केला तर ती चोरी होते. तो आत जाईल. नाही केला, तर तो दहा चाकं घेऊन रस्त्यावर आहे. तू सांगशील तसं.”

बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. शाळेची बस त्याच वेळी त्या रस्त्यानं येते.

मी म्हटलं, “फोन भिंतीवर आहे.”

“मी करू?”

“नंबर तुम्ही फिरवा, माझी बोटं चालणार नाहीत. नाव मी सांगते.”

आणि सांगितलं. पलीकडच्या बाईला आडनाव लिहिता येईना, तेव्हा माझ्या पोराचं नाव मी तिला एकेक अक्षर करून सांगितलं.

अजून तो सापडलेला नाही. काल संध्याकाळपासून काहीच कळलं नाही. जंगलातले रस्ते कुठले बंद, कुठले उघडे, हे त्याच्याइतकं शेरीफच्या माणसांनाही ठाऊक नाही. बर्फ गुडघाभर आहे. तो कुठंतरी इंजिन चालू ठेवून झोपला असेल तर धुरानं मरेल, आणि बंद करून झोपला असेल तर थंडीनं. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्हीकडं तेच दिसतं.

तुमच्यावर राग धरायला माझ्याकडं आत्ता जागा नाही. पोस्टाची गाडी निघते आहे.

आयली

---

सैनिकांचं घर
९ नोव्हेंबर

वहिनी,

सापडला का?

नर्सला तुमच्याकडं फोन करायला लावला. कुणी उचलत नाही. तिनं पाटीवर लिहिलं, ‘बहुतेक बाहेर असतील’. मी तिला म्हटलं, पुन्हा लाव. तिनं पुन्हा लावला. तिला आता माझी भीती वाटते.

मला एक ओळ लिहा. वाईट असेल तरी लिहा. मेला असेल तर तेवढा एकच शब्द लिहा, बाकी काही लिहू नका.

ती डबी मीच बांधली होती, माझ्या हातानं.

अर्वो

---

सालो क्रीक
१३ नोव्हेंबर

भावोजी,

जिवंत आहे. हे आधी वाचा आणि मग पाणी प्या.

मी हॉस्पिटलमध्ये होते, म्हणून फोन कुणी उचलला नाही.

शुक्रवारची रात्र तो तुमच्या जुन्या लाकूडतोडीच्या जागेवर होता, पत्र्याच्या खोपटात. शनिवारी दिवस मावळताना ट्रक घेऊन दक्षिणेकडं निघाला, डोनाच्या आईच्या घराच्या दिशेनं. पुलाअलीकडच्या उतारावर शेरीफच्या माणसानं रस्त्यात गाडी आडवी लावली होती. पेराला नावाचा पोरगा आहे, रसेलच्याच वयाचा. तो गाडीबाहेर उभा राहून हात करत होता. खाली सगळी बर्फाची काच झालेली. पेराला स्वतः हॉस्पिटलमध्ये आला आणि माझ्यासमोर टोपी फिरवत उभा राहिला.

“बाई, त्याचे ब्रेक लागत नव्हते. त्यानं मला पाहिलं, मीही त्याला पाहिलं. मला बाजूला व्हायला वेळ नव्हता. त्यानं गाडी खंदकात घातली.”

“घसरली असेल,” मी म्हटलं.

“घसरली नाही. घसरती तर माझ्या अंगावर आली असती. त्यानं चाक फिरवलं. प्यायलेला होता हे मी लिहिणार आहे, मला लिहावंच लागेल. पण त्यानं चाक फिरवलं, हेही लिहिणार आहे.”

ट्रक उजव्या कुशीवर पडलाय, ती बाजू पूर्ण चेपली. रसेलच्या चार बरगड्या आणि डावा हात मोडला. शुद्धीवर आल्यावर त्यानं मला पाहिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. नर्सला म्हणाला, या बाईंना बाहेर जायला सांगा.

मी वेंडेलला म्हटलं, चोरीची तक्रार मागं घ्या, हात जोडते. त्यानं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, “आज घेतली तर हात बरा होताच तो सुटेल. बाहेर काय आहे, आयली? रिकामं घर आणि बाटली. तुरुंगात दारू मिळत नाही. मला कुणीतरी असंच आत ठेवलं होतं, त्या माणसाला मी दोन वर्षं शिव्या दिल्या. आता नाताळला त्याच्याकडं मासे पाठवतो.”

मला त्याचा तिरस्कार वाटला. अजूनही थोडा वाटतो.

आयली

---

सैनिकांचं घर
११ डिसेंबर

वहिनी,

तुमचं ते पत्र मी उशीखाली ठेवतो. जिवंत आहे, ही ओळ वाचायला लागते अधूनमधून.

रसेलला तुरुंगात लिहायला चारदा बसलो, चारही वेळा फाडलं. काय लिहू? चावी दिली याची माफी मागू? तो म्हणेल, काका, तुम्ही एकट्यानंच माझ्यावर विश्वास ठेवला. आणि ते जास्त वाईट होईल, कारण मी विश्वास ठेवला नव्हता. मला काही माहीतच नव्हतं.

एक गोष्ट लिहू नये असं वाटतं, तरी लिहितो. तुम्ही मला सांगायला हवं होतं. माझे कान गेलेत वहिनी, डोळे नाही. कागदावर लिहिलेलं मी सोसू शकतो. तुम्ही दोघी बायका कड्यावरून त्या पोरीला उतरवून घेता आणि मला लिहिता, पायाची जखम कशी आहे.

आणि मीही ऐकायला हवं होतं. तुम्ही सांगितलंत, लिहू नका. वाइनो असता तर म्हणाला असता, अर्वोला सांगितलं तर तो नेमकं उलटं करतो.

तो तुम्हाला भेटतो का?

अर्वो

---

सालो क्रीक
२९ जानेवारी १९९५

प्रिय भावोजी,

नाही भेटत. दर रविवारी जाते. पहारेकरी आत जाऊन येतो आणि मान हलवतो. आता तर मला पाहिल्यावर दारातूनच मान हलवतो, मग मी ब्रेडची पिशवी त्याच्याकडं देते. तो म्हणतो, आत पोचवतो. पोचवतो की खातो, देव जाणे.

तुमचं म्हणणं बरोबर आहे. मला वाटायचं मी सगळ्यांना सांभाळते. खरं तर मी सगळ्यांना अंधारात बसवलं आणि एकटी दिवा घेऊन फिरत राहिले.

ट्रक खंदकातून काढून कोरड्या घराच्या अंगणात आणलाय, पण पुढचा आस वाकलाय. तिथली माणसं उघड्यावर, या थंडीत, तो सरळ करायला धडपडताहेत. तोवर पुन्हा तोच पिकअप. लाकूड पुरत नाही. परवा सायमाकडं गेले तर तिनं कुंपणाचे खांब जाळायला काढले होते आणि एक खुर्ची. मला म्हणाली, “आयली, तुझा ट्रक कुठं गं गेला?” मी माझ्या शेडमधलं अर्धं जळण ढकलगाडीनं तिच्याकडं नेलं. माझ्याकडं आता फेब्रुवारीपुरतं आहे. एका खोलीत राहते, बाकीची दारं लावून घेतलीत.

बर्फ खिडकीच्या वर गेलंय. दिवसा दिवा लावावा लागतो. कधीकधी वाटतं, त्या शुक्रवारी मी नाव सांगितलं नसतं तर पेराला पुलावर नसता आणि रसेल सरळ निघून गेला असता, पोरीला भेटून आला असता. मग दुसऱ्या क्षणी शाळेची बस दिसते. हे दिवसभर चालतं. कुणाला सांगू? तुम्हाला सांगते.

तुमची,
आयली

---

सालो क्रीक
२३ एप्रिल १९९५

प्रिय भावोजी,

तुमचं रसेलला लिहिलेलं पत्र त्याला मिळालं. काय लिहिलंत ते मी विचारत नाही. वेंडेल म्हणाला, त्यानं ते शर्टाच्या खिशात ठेवलंय.

मार्चअखेर न्यायाधीशांनी त्याला तुरुंगातून कोरड्या घरात पाठवलं. वर्षभर तिथं राहायचं, नाहीतर परत आत. ट्रक त्याच्या आधीच चालू झाला होता. उजवा दरवाजा दुसऱ्या कुठल्यातरी लाल गाडीचा लावलाय, तेवढाच लाल दिसतो. चालवतो एक माजी खाणकामगार. रसेलला चावीला हात लावायची परवानगी नाही. तो लाकडं फोडतो आणि रचतो. डावा हात अजून पूर्ण वळत नाही. दोनदा पळून गेला. एकदा रात्री परत आला, एकदा वेंडेलनं दारूच्या दुकानाच्या पायरीवरून उठवून आणला. वेंडेल म्हणतो, तिसऱ्यांदाही जाईल. मला धीर द्यायला तो काहीच बोलत नाही, त्यामुळं त्याच्यावर आता माझा विश्वास बसलाय.

डोनाचं एक पत्र आलं. क्रिस्टी शाळेत जाते. त्या दोघी येणार नाहीत, आणि मी या म्हणणारही नाही.

मी दर शनिवारी तिथं वेलचीचा ब्रेड घेऊन जाते, सगळ्यांसाठी. लांब टेबलावर पुरुष बसतात. रसेल पार दुसऱ्या टोकाला. मी असेपर्यंत तो ताटातून डोळे वर काढायचा नाही. मीही त्याच्याकडं जायची नाही. ब्रेड कापायची, कॉफी ओतायची, आणि निघायची.

काल कॉफी ओतत त्याच्यापर्यंत आले. त्यानं कप पुढं केला नाही. मी किटली धरून तशीच उभी राहिले. मग तो कपाकडं बघत म्हणाला, “शेरीफला फोन कुणी केला?”

वेंडेल पलीकडं होता. त्यानं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मला कळलं, मी त्याचं नाव घेतलं असतं तर तो हो म्हणाला असता.

मी म्हटलं, “मी.”

“वेंडेलनं नाही?”

“नंबर त्यानं फिरवला. नाव मी सांगितलं.”

“पूर्ण?”

“पूर्ण. एकेक अक्षर.”

त्यानं कपाखालची बशी सरळ केली. मग त्यानं कप माझ्याकडं सरकवला. मी ओतली. थोडी बशीत सांडली. ब्रेडचा तुकडा तोडून त्यानं तोंडात घातला, सावकाश चावला आणि म्हणाला, “आई, यात वेलची कमी पडलीय.”

कमी नव्हती, भावोजी. वर्षानुवर्षं घालते तेवढीच होती. पण मी म्हटलं, बरं, पुढच्या शनिवारी जास्त घालीन.

तुमची,
आयली